जोडी लावण्याचा अधिकार

एंजल मासा आपला जोडीदार आपणच निवडतो. सहा-आठ पिल्लं एकत्र वाढवली, की आठ-दहा महिन्यांची होता होता त्यांतले दोघं टाकीचा एक कोपरा धरतात. एखादं रुंद पान, फिल्टरची नळी किंवा नुसती काच तोंडाने टोचून टोचून साफ करतात आणि बाकीच्यांना तिथे फिरकू देत नाहीत. हा मासा ज्यांनी पाळला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. हाकललेल्याला जायला जागा नसते. तो हीटरच्या मागे, पाण्याच्या अगदी वरच्या थराला तिरका होऊन उभा राहतो. त्याचे पर फाटतात, खवले उडतात, खाणं सुटतं, आणि वेळेत बाहेर काढला नाही तर मरतो. जोडीतल्या दोघांचंही नेहमी जमतंच असं नाही. ओठात ओठ अडकवून ते एकमेकांना ओढतात, कधी खेळ वाटावा इतकं हलकं, कधी जबडा निखळेल इतकं जोरात.

गेल्या पर्युषणात, इथे सुरतेत, समोरच्या फ्लॅटमधल्या बेन आमच्याकडे आल्या होत्या. हॉलमधल्या टाकीत तेव्हा नर मादीच्या मागे लागला होता. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बेन, आ माछलीओ आटलुं लडे छे, तमने जोवुं गमे छे?" हे मासे इतके भांडतात, ते तुम्हाला बघायला आवडतं का, असं विचारण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. मी म्हटलं, "एमनो स्वभाव छे," त्यांचा स्वभावच आहे. एंजल पाळणारे सगळे हेच उत्तर देतात. सिक्लिड कुळातला मासा आहे, भांडणारच. त्या मान हलवून गेल्या. मी मात्र तेव्हापासून माझं उत्तर तपासते आहे. ते खरं असेल तर टाकीत जे चालतं त्यातलं माझ्या खात्यावर काहीच येत नाही. खरं नसेल तर बरंच येतं.

आधी स्वभावाचंच पाहू. हा मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. पावसाळ्यात तिथली नदी फुगून जंगलात शिरते, आणि बुडालेल्या झाडांच्या मुळ्या-फांद्यांमधून हे उभट, चपटं अंग सहज सरकतं. अंगावरचे काळे उभे पट्टे त्या सावल्यांत मिसळून जातात. एरवी हे मासे गटाने राहतात. जोडी जमली की दोघं गटातून बाजूला होतात, एखाद्या पानाभोवतीची थोडी जागा आपली मानतात आणि तेवढ्यापुरते इतरांवर धावून जातात. धाव संपते कुठे, तर समोरचा दिसेनासा होतो तिथे. हरलेला चार मुळ्यांच्या पलीकडे गेला की भांडण मिटलं. म्हणजे धावून जाणं हा त्यांचा स्वभाव आहे हे खरं, पण निघून जाणं हाही त्यांच्या स्वभावाचाच भाग आहे. माझ्या टाकीत पहिला अर्धा शिल्लक राहतो आणि दुसरा नाहीसा होतो. तो नाहीसा कोणी केला, याचं उत्तर एकच येतं. चार फुटांची काच मी आणली.

कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तन-अभ्यासकाने १९६३ साली आक्रमकतेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात सिक्लिड माशांबद्दलचं एक निरीक्षण आहे, आणि ज्या माशांची नावं तो घेतो त्यांत दक्षिण भारतातला पिवळा एट्रोप्लस मॅक्युलॅटसही आहे. जोडीला टाकीत एकटं ठेवलं तर नराचा सगळा राग मादीवर निघतो, कधी ती मरते. म्हणून पाळणारे त्यांच्यासोबत त्याच जातीचा एखादा मासा ठेवतात, मार खाण्यासाठी. लोरेंझने त्याहून बरा उपाय सांगितला: मोठी टाकी घ्यावी, मधे पारदर्शक काच लावावी आणि दोन्ही बाजूंना एकेक जोडी सोडावी. नर काचेपलीकडच्या नरावर धावून जातो, मादी पलीकडच्या मादीवर, आणि घरात शांतता राहते. पुढची गोष्ट मला जास्त टोचली. मधल्या काचेवर शेवाळ धरून ती धूसर झाली, की नर हळूहळू आपल्याच मादीशी वाईट वागू लागत. काच पुसली की पुन्हा शेजाऱ्यांशी भांडण आणि घरात गोडी.

लोरेंझला १९७३ मध्ये नोबेल मिळालं. आक्रमकता आत साचत जाते आणि बाहेर पडायला वाट शोधते, या त्याच्या सिद्धांतावर पुढे बरीच टीका झाली आणि ती वाचून मला पटलीही. पण शेवाळ धरलेल्या काचेचं निरीक्षण कोणीही आपल्या घरी करून पाहू शकतो. माझ्याकडेही मधे काच लावलेली अशी टाकी आहे, आणि मी तिच्याजवळ खूप बसले आहे. काच पुसल्यावर मादीचे मिटलेले पर पुन्हा उघडतात तेव्हा बरं वाटतं, आणि हे बरं वाटणं मला तपासावंसं वाटतं. कारण मी तिला सुटका दिलेली नसते. तिच्या वाट्याचा मार दुसरीकडे वळवलेला असतो, आणि पलीकडचे दोघंही दिवसभर काचेवर तोंड आपटत असतात. हल्ली मी मधल्या काचेचा खालचा अर्धा भाग जावा फर्न आणि लाकडाच्या ओंडक्यांनी झाकते. ज्याला भांडायचं आहे त्याने वर यावं, ज्याला नको त्याने खाली जावं. निघून जाण्याचा तेवढाच एक तुकडा मला परत देता येतो.

माझं गाव खानदेशातलं, तापीच्या काठावरचं. लग्नानंतर सुरतेत आले. उधन्याकडे आमच्यासारखी हजारो घरं आहेत. धुळे, नंदुरबार, जळगावहून कोणी यंत्रमागावर आला, कोणी डाइंग मिलमध्ये. माझी नोकरी मराठी माध्यमाच्या शाळेत झाली. तीच तापी उकाईच्या धरणातून सुरतेपर्यंत येते आणि महापालिकेच्या नळातून माझ्या टाकीत पडते. ॲमेझॉनच्या पाण्यापेक्षा ते कठीण, अल्कधर्मी, वर क्लोरिन घातलेलं. क्लोरिन काढता येतं. आणि आज दुकानात मिळणाऱ्या एंजलच्या पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच झाल्या असल्याने त्यांना असं पाणी चालतं. पाण्याचा प्रश्न कधीच मोठा नव्हता. मे महिन्यात पाणी तिशीच्या वर गेलं की मात्र मासे तापट होतात, म्हणून दुपारी टाकीवर पंखा लावते.

शाळेत असताना मुलांना सुरतेच्याच पाल भागातल्या मत्स्यालयात घेऊन जायचे. महापालिकेने ते २०१४ साली सुरू केलं आणि जगदीशचंद्र बोस यांचं नाव दिलं. वनस्पतीही प्रतिसाद देतात हे यंत्र लावून दाखवणाऱ्या माणसाचं नाव मत्स्यालयाला असावं, हे मला फार योग्य वाटतं. मुलं तिथे हटकून एकच विचारायची: "बाई, यांना कळतं का, आपण बघतोय ते?" मी सांगायचे, मासे आपल्याला ओळखतात, खाऊ घालणाऱ्याकडे धावत येतात. मुलांचा प्रश्न त्याहून मोठा होता.

त्या मोठ्या प्रश्नाची उत्तरं आता हळूहळू येत आहेत. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू दाखवले, आणि इजा झाल्यावर त्याचं वागणं बदलतं हेही. पण मला हादरवलं ते फ्रान्समधल्या दिजों इथल्या २०१९ च्या एका प्रयोगाने. मासा होता काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कॉन्व्हिक्ट सिक्लिड, एंजलच्याच कुळातला आणि एंजलसारखाच जोडीने राहणारा. माद्यांना आधी दोन नर दाखवले आणि त्यांची पसंती पाहिली. मग काहींना पसंतीचा नर दिला, काहींना दुसरा. त्यांना आधीच शिकवून ठेवलं होतं, की एका रंगाच्या झाकणाच्या डबीत खाऊ असतो, दुसऱ्या रंगाच्या डबीत काही नसतं. नंतर करड्या झाकणाची डबी समोर ठेवली, आत काय असेल ते सांगता न येणारी. नावडता नर मिळालेल्या माद्या ती डबी उघडायला जास्त वेळ घेऊ लागल्या. त्यांची आशा कमी झाली होती.

हे वाचून मी गॅलरीतल्या टाक्यांकडे गेले, कारण तिथे मीच जोड्या लावत होते. कोई जातीचा नर आणि मार्बल मादी आणली, की पिल्लांत रंग कसे उतरतील याचा अंदाज बांधता येतो. दोघांना आठवडाभर मधे जाळी लावून एकमेकांसमोर ठेवायचं, मग जाळी काढायची. भांडले तर पुन्हा जाळी. पुन्हा काढायची. कधीतरी दोघं थकून अंडी घालतात, आणि आपण म्हणतो, जोडी जमली. सगळे पाळणारे असंच करतात, सगळ्या पुस्तकांत हे लिहिलेलं आहे आणि कायद्याच्या दृष्टीने यात काहीही गैर नाही. पण एंजल मासा जे एकच ठरवतो, म्हणजे कोणासोबत राहायचं, तेही मी त्याच्या हातून काढून घेते. आणि कशासाठी? पिल्लाच्या डोक्यावरचा केशरी डाग थोडा गडद यावा म्हणून.

माणसांच्या लग्नांशी याची तुलना करण्याचा मोह होतो. मी ती करणार नाही. माणसाला बोलता येतं, माहेरी जाता येतं, कोर्टात जाता येतं. माशाची बाजू मांडायची तर ती माशाच्या जगातूनच मांडली पाहिजे.

एकदा दुकानातून आणलेली जोडी दोन माद्यांची निघाली. एंजलचं लिंग एरवी बाहेरून ओळखता येत नाही. अंडी घालण्याच्या वेळी पोटाखाली नळी दिसते, मादीची रुंद आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार, तेव्हाच कळतं. या दोघींनी स्लेटच्या तुकड्यावर आळीपाळीने अंडी घातली, दोघी परांनी वारा घालत राहिल्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी पडली. फलितच झाली नव्हती. माझा एक जुना विद्यार्थी मासे विकण्याच्या धंद्यात आहे. तो म्हणाला, "बाई, दोघींना वेगळं करा, एकेकीला नर लावू. नाहीतर टाकी फुकट अडकून पडते." त्याच्या हिशोबात ते बरोबर होतं. मी त्यांना वेगळं केलं नाही. माझ्या सगळ्या टाक्यांत न भांडता राहणारी ती एकच जोडी आहे, आणि त्यांचा मला काही उपयोग नाही. इतर सगळे मासे मी उपयोगासाठी ठेवले आहेत का, हा प्रश्न या दोघींमुळे उभा राहिला.

त्याचं उत्तर द्यायचं तर माझं मन उघडं करावं लागेल. निवृत्तीनंतर सकाळी सात वाजता कोणी माझी वाट पाहत नव्हतं. टाक्या आल्या आणि सकाळ भरली. आर्टेमियाची अंडी आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात भिजवायची, एअर पंप लावायचा, सकाळी ती नारिंगी पिल्लं गाळून एंजलच्या पिल्लांना घालायची. शेकडो इवलाली पोटं एका मिनिटात नारिंगी होतात. या दृश्याची मला गरज आहे. आणि दुसरी गरज थोडी कमी चांगली आहे. विद्यार्थ्याच्या दुकानात कोणी म्हटलं, "ही बाईंकडची पैदास," की मला अभिमान वाटतो. जोड्या लावण्यामागे, रंग जुळवण्यामागे हा अभिमान बराच आहे. पैशाचा हव्यास नाही असं मी मनाला सांगत आले आहे, आणि ते खरं आहे. पण हव्यास फक्त पैशाचाच असतो असं नाही.

आता अंड्यांकडे येते, कारण सगळ्यात अवघड हिशोब तिथे आहे.

एंजल एका वेळी काही शे अंडी घालतो. अठ्ठावीस अंशाच्या पाण्यात ती साधारण अडीच दिवसांत फुटतात. पिल्लं डोक्यावरच्या चिकट ग्रंथींनी पानाला लोंबकळत राहतात आणि आणखी चार-पाच दिवसांनी पोहायला लागतात. आईबाप दोघंही राखण करतात, परांनी पाणी हलवतात, बुरशी धरलेलं अंडं वेचून खातात, खाली पडलेलं पिल्लू तोंडात उचलून पुन्हा जागेवर चिकटवतात. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांत राहणारा याच कुळातला एक मासाही असाच जोडीने पिल्लं सांभाळतो. गोव्यात त्याला काळुंदर म्हणतात, केरळात करीमीन. ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने १७९० मध्ये त्याच्या शास्त्रीय नावात आमची सुरत घातली: एट्रोप्लस सुरटेन्सिस. तो केरळचा राज्यमासा आहे, आणि ताटातलाही आवडता मासा आहे.

धंदा करणारे, आणि माझ्यासारखे बहुतेक हौशीही, अंडी आईबापाजवळ ठेवत नाहीत. नवी जोडी पहिल्या काही खेपांना आपलीच अंडी खाऊन टाकते. टाकीत कोणी दुसरा मासा असला, माणसांची ये-जा जास्त असली, रात्री अचानक दिवा लागला, तरी खाते. म्हणून अंड्यांचा स्लेट उचलायचा, वेगळ्या पाण्यात ठेवायचा, थोडं मिथिलीन ब्लू घालायचं आणि खाली हवेचा दगड लावायचा. आईबापाच्या परांचं काम बुडबुडे करतात. पिल्लं जास्त जगतात, हे नक्की. पण अंडी गेली की जोडी सांभाळायच्या कामातून मोकळी होते आणि एक-दोन आठवड्यांत पुन्हा अंडी घालते. पुन्हा उचलली की पुन्हा. मादीचं अंग यात झिजतं, आणि प्रत्येक खेपेच्या आधी नराची तीच झटापट तिला सोसावी लागते. अनेक जाणकार असंही मानतात, की पिढ्यान्‌पिढ्या अंडी उचलत गेल्यामुळे या माशांतली सांभाळण्याची रीतच पुसट होत चालली आहे. अंडी खाणाऱ्या जोडीचीही पिल्लं आम्ही वाढवतो, मग सांभाळणाऱ्याची निवड होणार कशी? हे मला पटतं. आईबाप अंडी खातात म्हणून आम्ही अंडी उचलतो, आणि आम्ही उचलतो म्हणून अंडी खाणारे आईबाप वाढत जातात.

पिल्लं जगल्यावरचा हिशोब त्याहून कठीण. निसर्गात एका जोडीने आयुष्यभर घातलेल्या हजारो अंड्यांमधून सरासरी दोनच मासे मोठे होऊन त्यांची जागा घेतात, नाहीतर नदीत पाण्याऐवजी मासेच राहिले असते. बाकी सगळी कोणाच्या ना कोणाच्या पोटात जातात. त्या मृत्यूंचा जाब मला कोणी विचारत नाही. माझ्या टाकीत मी बाकीच्यांनाही वाचवते, आणि वाचवलं की ती माझी होतात. त्यांतल्या काहींना कल्ल्यावरचं झाकण नसतं, काहींचा कणा वाकलेला असतो, काही तळाशी घसटत राहतात, पोहूच शकत नाहीत. अशांना कोणी ऑस्करसारख्या मोठ्या माशाला घालतं, कोणी संडासात सोडतं. मी लवंगाचं तेल वापरते. ते पाण्यात नीट मिसळून घातलं की आधी गुंगी येते आणि जास्त प्रमाणात श्वास थांबतो. हे मी माझ्या हाताने करते, दुसऱ्या कोणावर सोपवत नाही. सोपवलं असतं तर मी इतकी पिल्लं होऊ दिली असती का, याचा विचार करायची वेळच आली नसती.

हे सुरतेत राहून करणं सोपं नाही. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे आला होता. १६९६ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात इथल्या जनावरांच्या दवाखान्याचं वर्णन आहे: म्हातारी, लंगडी, कोणाला नको झालेली गुरं-घोडी-कुत्री तिथे मरेपर्यंत सांभाळली जात. ढेकूण-पिसवांसारख्या किड्यांसाठीही वेगळी सोय होती असं तो लिहितो. त्याला त्याचं फार नवल वाटलं होतं. नको झालेल्या जिवाचं काय करायचं, याचं एक उत्तर या शहराने तीनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे: पोसायचं. मी ते उत्तर पूर्ण पाळू शकत नाही. पोहता न येणाऱ्या पिल्लाला भुकेने मरू देण्यापेक्षा लवंगाचं तेल बरं, असं मला अजूनही वाटतं. समोरच्या बेनना हे पटणार नाही, आणि त्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

इथे कोणी विचारेल, तुम्ही तर मासे खाता. हो, खाते. तापीचे मासे खाऊनच मी मोठी झाले. मग बाजारातल्या माशाबद्दल न वाटणारं हे टाकीतल्या माशाबद्दल का वाटावं? मी यावर बराच विचार केला आहे आणि मिळालेलं उत्तर पूर्ण समाधानाचं नाही. बाजारातल्या माशाचं जगणं मी ठरवलेलं नव्हतं. टाकीतल्या माशाचं सगळंच मी ठरवते: पाणी, उजेड, खाणं, सोबती, भांडण, पिल्लं. जितकं ठरवलं तितकं देणं लागते. ताटातल्या माशाबद्दल मी काहीच देणं लागत नाही, असं मात्र यातून सिद्ध होत नाही. तो प्रश्न उघडा आहे आणि मी तो उघडाच ठेवते.

कायद्याकडे पाहिलं तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा माणूस सोडून प्रत्येक सजीवाला प्राणी मानतो. मासा त्यात येतो. २०१७ मध्ये केंद्र सरकारने मत्स्यटाक्यांसाठी आणि मासे विकणाऱ्या दुकानांसाठी वेगळे नियम काढले. दुकानदारांनी आणि पाळणाऱ्यांनी विरोध केला, आणि त्याच वर्षी ते मागेही घेतले गेले. त्यातल्या काही अटी अव्यवहार्य होत्या, हे खरं. पण गोल काचेच्या भांड्यात मासा ठेवू नये हे सांगायला सरकार कशाला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. असे वेगळे नियम नसल्यावर जे उरतं ते पाळणाऱ्याचं मन, आणि त्याला कोणी तपासायला येत नाही.

तर माझ्या उत्तराचा निकाल मी असा लावते. "एमनो स्वभाव छे" हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं माझ्या जागेच्या हिशोबातून, माझ्या रंगांच्या हौसेतून आणि माझ्या अभिमानातून येत होतं. म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत. जाळी लावून जोडी जमवणं बंद केलं. पिल्लं एकत्र वाढतात आणि ज्यांचं जमतं त्यांचं जमतं, मग मार्बलने साध्या चंदेरी नराला निवडलं तरी चालेल. अंडी आईबापाजवळच राहतात. पहिल्या खेपा खाल्ल्या गेल्या, जातील, मी स्लेट उचलत नाही. एका जोडीने आता पिल्लं पोहू लागेपर्यंत सांभाळली. टाकीभर पसरलेल्या त्या थव्याला संध्याकाळी तोंडाने गोळा करून पानाजवळ आणणारे दोघं आईबाप मी पहिल्यांदा पाहिले. इतकी वर्षं हे माझ्याच टाकीत होऊ शकत होतं. आणि पिल्लं तेवढीच वाढवायची, जेवढ्यांना घर आहे. जोडी जमलेले दोन मासे वेगवेगळे विकायचे नाहीत.

विद्यार्थी म्हणतो, "बाई, असं केलंत तर हाताला काहीच लागणार नाही." बरोबर आहे. दुकानाला लागणारे मासे कोलकाता-चेन्नईकडून येत राहतील, सुरतेतल्या एका बाईने थांबून बाजाराचं काही बदलणार नाही. पण बाजार बदलेपर्यंत माझ्या मनाने थांबायचं, असं काही ठरलेलं नाही. या सगळ्यात मादीचा मार पूर्ण थांबला आहे का? नाही. कमी झाला आहे. मधली काच आजही आहे, आणि ती मीच पुसते.

समोरच्या बेनना मी सगळं सांगणार आहे, लवंगाच्या तेलासकट. त्या रागावल्या तर रागावोत.

माझ्याकडे पिल्लं मागायला येणाऱ्यांना मी हल्ली जे विचारते तेच तुम्हालाही विचारते. टाकी किमान दीड फूट उंच आहे का? सहा पिल्लं एकत्र वाढवायची तयारी आहे का? आणि त्यांतल्या दोघांची जोडी जमली, की उरलेल्या चौघांना ठेवायला दुसरी टाकी आहे का? नसेल तर एंजल घेऊ नका. गप्पी घ्या, त्यांना जोडी लागत नाही.